मनीषनगरचा पंप आणि भिवापूरचे देठ

भिवापूर सोडलं त्या सकाळी मी गाडीत बसून तीनदा खाली उतरले. एकदा गॅसचं बटण बघायला, एकदा मागच्या दाराची कडी बघायला आणि तिसऱ्यांदा उगाचच. माझा मुलगा संदीप गाडी सुरू ठेवून बसला होता. पहाटेच नागपूरहून निघून तो मला न्यायला आला होता आणि दुपारी त्याची मीटिंग होती. डिकीत माझी एक बॅग, दोन पांघरुणं आणि पाच किलो वाळली मिरची. ती पिशवी बघून तो म्हणाला, "आई, नागपुरात मिरची भेटत नाही का?" मी म्हटलं, "भेटते. पण ते नुसता रंग हाये."

कुसुम, तू तुझ्या ओट्यावर उभी होतीस. तू रडली नाहीस, मीही नाही. तू एवढंच विचारलंस, "कवा येशील वं?" आणि मी म्हटलं, "दोन महिने. खोकला बसला का आलीच." दोघींनाही ते खरं वाटलं नव्हतं, तरी दोघींनी माना डोलावल्या.

हे तुझ्यासाठी लिहिते आहे. आणि आपल्यातल्या ज्या बाया पोरांकडे राहायला गेल्या, कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, एक तर थेट दुबईला, त्यांच्यासाठीही. फोनवर सगळ्याच सांगतात की बरं चाललंय, काही कमी नाही. मीही तेच सांगत होते. त्यात खोटं काही नसतं, पण सगळं सांगितलेलंही नसतं.

तू सोडून बाकीच्यांनी हे वाचलं तर त्यांना कळावं म्हणून आधी चक्कीचं सांगते. माझ्या बाबांची भिवापुरात तिखटाची चक्की होती. मी एकुलती एक. लग्नही गावातल्या गावात झालं, सासर आणि चक्की यांच्यात दोन गल्ल्या. बाबा थकले तेव्हा चक्की माझ्याकडे आली. पट्टा कसायचा, बेअरिंगला ग्रीस भरायचं, मोटर जळायला लागली की धूर दिसायच्या आधी वासावरून ओळखायचं, हे सगळं बाबांनी शिकवलं. ते म्हणायचे, "पोरी, मोटर बोलते. आधी तिचं ऐकाव, मंग पाना हातात घ्याव." संदीपचे वडील गेले तेव्हा तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी मी चक्की उघडली. लोक काय म्हणतील याचा विचार केला नाही, कारण चक्कीच्या आवाजात कोणाचं काही ऐकूच येत नाही.

हंगामात बाया पदराने नाक-तोंड बांधून ओळीने बसायच्या आणि ठसकत ठसकत अख्ख्या तालुक्याच्या सोयरिकी जुळवायच्या. माझी छाती मात्र पदर बांधून वाचली नाही. इतकी वर्षं मिरचीची धूळ आत गेली आणि गेल्या वर्षी छातीने हात टेकले. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता चक्कीत पाय ठेवायचा नाही. चक्की दुसऱ्याच्या हवाली केली आणि मी नागपुरात मनीषनगरला संदीपच्या घरी आले, चौथ्या मजल्यावर.

इथे सगळं आहे. मला वेगळी खोली, खोलीला गॅलरी, गॅलरीतून समोरच्या इमारतीची गॅलरी. लिफ्टमध्ये शेजारी हसून बघतात आणि आपला मजला आला की उतरून जातात. संदीप सकाळी नऊला कंपनीत जातो, रश्मी त्याच्या मागोमाग. मग घरात मी आणि फ्रिजचा आवाज.

रश्मी माझी सून. सावनेरची पोरगी, वडील कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. माहेरी फोन लागला की तिचं "काहून वं, जेवली का नाही अजून?" असं खणखणीत चालतं. माझ्याशी मात्र शाळेच्या पुस्तकासारखं बोलते. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आम्ही भेटलो त्या सणावारालाच, दोन दिवस, नवं लुगडं आणि नवी साडी नेसून. एकमेकींसमोर जुन्या कपड्यांत बसायची वेळच आली नव्हती.

आल्या आल्या माझ्या हातून दूध उतू गेलं. मी फडकं शोधत होते तोवर रश्मी आली, ओटा पुसला आणि म्हणाली, "असू द्या, आई." मी तिच्या मसाल्याच्या बरण्या माझ्या पद्धतीने लावल्या आणि तिला ऐन घाईत जिरं सापडेना, तरी "असू द्या, आई." एकदा मी मिरच्यांची अशी फोडणी घातली की समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खोकत खोकत खिडक्या लावून घेतल्या, रश्मीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी तेच.

आधी मला भारी वाटलं. तुला फोनवर सांगितलंसुद्धा की सून एका शब्दाने बोलत नाही, आणि तू म्हणालीस, नशीबवान आहेस. पण महिनाभराने ते टोचायला लागलं. माझ्या आईला आठव. दिवसातून दहा वेळा तिचा आवाज गल्लीत जायचा. "डोळे हायेत का बटनं?" हे तर मला माझ्या नावाइतकं ओळखीचं होतं. पाणी सांडलं की ओरडा, उशीर झाला की ओरडा, आणि ओरडून झालं की ताटात पहिली भाकर माझ्याच. मला कधी वाटलं नाही की ती परकी आहे. इथे कोणी मला ओरडत नव्हतं आणि मला रोज वाटत होतं की आपण कोणाच्या तरी घरी आलो आहोत.

आता भांडी धुण्याच्या मशीनचं सांगते. रश्मीच्या हातांना भांड्यांचा साबण चालत नाही. बोटांच्या पेरांवर चिरा पडतात, रक्त येतं. भांड्यांना लावलेली बाई दोनदा सोडून गेली तेव्हा संदीपने डिशवॉशर आणला. ओट्याखाली बसतो, कपाटासारखा. इथलं बोअरचं पाणी जड, म्हणून ही मशीन वेगळं जाडं मीठ खाते, हे कळलं तेव्हा मी हसले होते. पण मशीन म्हटल्यावर मला राहवत नाही. संदीपने आतून दाखवली, तेव्हा तळाशी एक गोल जाळी दिसली. खरकटं अडवायची जाळी. ती बघून मला माझ्याच माणसांतलं कोणी भेटल्यासारखं झालं.

चक्कीलाही जाळी असते, तिखट तिच्यातून गाळून पडतं. बाबांचा नियम होता की संध्याकाळी चक्की बंद केली की जाळी काढायची, घासायची आणि बाहेर टांगून ठेवायची. "जाळीले रातभर वारा लागू दे," असं म्हणायचे. नाहीतर ओल धरते, आणि दुसऱ्या दिवशी हळद घेऊन आलेल्या बाईच्या हळदीला तिखटाचा वास लागतो. सकाळी पहिल्या दळणाआधी जाळी परत बसवायची. हे मी इतकी वर्षं केलं की त्यात डोकं लागत नाही, हातच करतात.

तेव्हा इथेही माझे हात करू लागले. संध्याकाळी जाळी काढायची, ब्रशने घासायची, माझ्या गॅलरीतल्या खिळ्याला टांगायची, सकाळी सहाला परत बसवायची. मशीन रश्मी नऊनंतर, ऑफिसला निघताना लावायची. सगळं बरोबर चाललं होतं. मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर रश्मी म्हणाली असती, तुम्ही कशाला, राहू द्या. घरातलं एवढं एकच काम माझं होतं आणि ते मला घालवायचं नव्हतं.

मग तिच्या ऑफिसची वेळ बदलली. सकाळी लवकर निघायचं म्हणून ती रात्रीच मशीन लावू लागली. मी नऊला झोपते, मला पत्ता नाही. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सकाळी जाळी बसवताना आत भांडी दिसायची, पण रश्मी मशीनमध्ये घालण्याआधीच भांडी नळाखाली विसळून घेते, त्यामुळे ती धुतलेली की धुवायची, हे मला ओळखू येत नसे. आठ दिवस ती मशीन रात्री बिनजाळीची चालली आणि जाळी माझ्या गॅलरीत वारा खात होती.

नवव्या दिवशी मशीनने पाणी सोडणं बंद केलं. तळाशी मळकट पाणी साचलं आणि आतून नुसतं घूं घूं. संदीपने मेकॅनिक बोलावला. तो घाईतच आला, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, "पंप गेला साहेब. नवा टाकावा लागेल. पार्ट यायले पंधरा दिवस लागतील." मग त्याने जाळी बघितली आणि विचारलं, "मॅडम, फिल्टर काढून चालवली होती का?"

रश्मी म्हणाली, "नाही हो. फिल्टरला मी हातसुद्धा लावत नाही."

"हात लावत नाही म्हणजे?" संदीप तिच्यावर घसरला. "तो साफ कराव लागते ना! पुस्तकात लिहिलं हाये. घाईघाईत काहीही कोंबून देत असशील तू."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या माणसाने प्रश्न विचारला तेव्हाच मला सगळं समजलं होतं. रात्री मशीन चालते आणि जाळी रात्री बाहेर असते. हे माझं काम. रश्मीचा चेहरा उतरला, तरी मी बोलले नाही. का नाही बोलले? लाज वाटली. गावाकडची म्हातारी आली आणि चांगली मशीन बिघडवून बसली, असं होईल याची भीती वाटली. आणि सगळ्यात मोठी भीती ही की रश्मी पुन्हा म्हणेल, असू द्या, आई, आणि मग मला या घरात कशालाच हात लावता येणार नाही. आयुष्यात ग्राहकाचं पाव किलो तिखटसुद्धा मी कधी लपवलं नाही, पण त्या दिवशी गप्प राहिले.

मग रश्मी हाताने भांडी घासू लागली. मी पुढे झाले तर, "नको आई, साबणाच्या वासाने तुम्हाला खोकला येईल." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती टीव्हीसमोर बसून बोटांना खोबरेल तेल लावत होती. पेरांवर लाल चिरा पडल्या होत्या. अंगठ्याला चिकटपट्टी होती. मला बघून तिने हात पदराखाली घ्यावा तसा ओढणीखाली घेतला. माझ्यापासून लपवला, मला वाईट वाटू नये म्हणून! मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं कामाला गेले आणि मी मशीनसमोर पाट टाकून बसले. तो पोरगेला मेकॅनिक म्हणाला होता पंप गेला. पण घूं घूं करणारी मोटर मी ओळखते. चक्कीत खिळा अडकला की अगदी हाच आवाज. बाबा म्हणायचे, "गुरगुरून राहिली म्हणजे मेली नाही. अडली हाये." मेलेली मोटर गप्प असते.

आधी प्लग काढला. नुसतं बटण बंद करून मशीनमध्ये हात घालणाऱ्या माणसाला बाबा दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत. खालचा कप्पा बाहेर ओढला, जाळी काढली, वाटीने साचलेलं पाणी बादलीत उपसलं, उरलेलं फडक्याने टिपलं. मग मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं. जाळीच्या खड्ड्याच्या एका बाजूला पांढरं प्लॅस्टिकचं झाकण होतं. चमच्याच्या दांड्याने ते वर उचकटलं. आत पंपाचा पंखा, एवढासा, लहान मुलीच्या भातुकलीतला असावा तसा. बोटाने फिरवला तर हलेना.

केसांची पिन सरळ करून तिला पुढे आकडा केला आणि कोरायला लागले. गुडघे दुखत होते, पाठ बोलत होती, तरी कितीतरी दिवसांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. आधी एक लिंबाची बी निघाली. मग मिरचीच्या बिया, पंख्याच्या पात्यांमागे ठासून भरलेल्या. आणि मग देठ. वाळल्या मिरचीचे चार देठ, एकमेकांत गुंतलेले, पंख्याच्या दांडीला पीळ घालून बसलेले. या घरात सबंध मिरची देठासकट तळून खाणारं एकच माणूस आहे. मी ताट झटकूनच ठेवते, रश्मी विसळते, तरी एखादा देठ कुठेतरी चिकटून राहतोच.

देठ ओढून काढले आणि पंखा बोटाने टिचकी मारताच गर्रकन फिरला. झाकण बसवलं, जाळी बसवली, तांब्याभर पाणी आत ओतलं, प्लग लावला आणि पाणी सोडायचं बटण दाबलं. ते पाणी गट गट करत निघून गेलं. मी एकटीच पाटावर बसून टाळी वाजवली. मग इकडेतिकडे बघितलं, कोणी बघितलं नाही ना.

आता खरा प्रश्न होता. देठ कचऱ्यात टाकून दिले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. मशीन आपोआप सुरू झाली, मेकॅनिकला काही कळत नाही, सगळे खूश. मी वाटी हातात घेऊन कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलेसुद्धा. पण रश्मीने नवऱ्याचं बोलणं खाल्लं होतं ते माझ्या वाट्याचं होतं. तिच्या बोटांवरच्या चिरा माझ्या गप्प बसण्याच्या होत्या. वाटी ओट्यावर ठेवली आणि संध्याकाळची वाट बघत बसले. कुसुम, सासूपणाची सगळी वर्षं एका बाजूला आणि ते चार तास एका बाजूला.

रश्मी आली, पर्स टेकवली. मी म्हटलं, "रश्मी, मशीन चालू झाली. अन् बिघडवली होती ते मी." जाळीचं, गॅलरीतल्या खिळ्याचं, सकाळी सहाचं, सगळं सांगितलं. वाटी पुढे केली. तिने वाटीतले देठ बघितले, मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मनाशी म्हणत होते, आता म्हणेल ती, नेहमीचं.

"जाळी काढून ठेवत होत्या तुम्ही?" तिचा आवाज एकदम सावनेरला पोचला. "रोज? अन् मले सांगतलं नाही? अवं माय, आठ दिवस मी बिनजाळीची मशीन चालवून राहिली अन् मले मालूमच नाही! तो माणूस इथं उभा राहून विचारून राहिला, संदीप मले बोलून राहिला, अन् तुम्ही तिथं दारात उभ्या! तोंडात मिरची होती का तवा?"

मी मान खाली घातली. पण ती थांबली नाही.

"अन् घरात कोणी नसताना मशीनमध्ये हात घातला? करंट लागला असता म्हंजे? कोणाले आवाज दिला असता तुम्ही, चौथ्या मजल्यावरून?" हे बोलताना तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज आणखी चढला होता.

आता करंटचं म्हटल्यावर मलाही राहवलं नाही. "प्लग काढला होता मी! मले शिकवू नको. तू जलमली नव्हती तवापासून मोटरा खोलून राहिली मी. अन् तू मशीन रातची लावून राहिली हे कोण सांगाव मले? भित्तीले विचारू का मी?"

"तुम्ही झोपून जाता नऊले!"

"मंग सकाळी सांगाव!"

"सकाळी कोठी टाइम असते मले!"

असं बराच वेळ चाललं. दूध, जिऱ्याची बरणी, खोकणारे शेजारी, दोन महिन्यांचं सगळं निघालं. तिने मनात सगळंच ठेवलं होतं, एक गोष्ट विसरली नव्हती. मीही विसरले नव्हते. मधेच संदीप आला आणि एक बूट पायात, एक हातात, तसाच दारात थिजला. अकरा वर्षांत त्याने आम्हा दोघींना असं बोलताना ऐकलं नव्हतं. घाबरून म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही," रश्मी म्हणाली. "तू हातपाय धू."

"अन् मशीनवरून तिले बोलला होता ना तू," मी म्हटलं, "त्याची माफी माग आधी."

त्याने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, काही न समजता माफी मागितली आणि आत गेला. तेव्हा आम्ही दोघी एकदम हसलो. हसताना मला खोकल्याची उबळ आली, तर रश्मीने पाठीवर थापटत थापटत पुन्हा सुरू केलं की औषध घेतलं का, सकाळचंही राहिलं असेल, सांगावं लागतं लहान पोरासारखं. मी खोकत होते, रडत होते आणि मनातून इतकी सुखावले होते की ते तुला फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

पोरांकडे गेलेल्या माझ्या बायांनो, तुमच्या घरात तुम्हाला कोणी ओरडतं का? नसेल तर एखादी चूक करा आणि कबूल करा. मला गावाची आठवण येत नाही असं नाही. सकाळी उठल्यावर अजून क्षणभर कळत नाही की खिडकी कोणत्या बाजूला आहे. भिवापूरचं घर माझंच आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, चैत्रात येऊन झाडलोट करून जाईन. पण तिथे आई नाही, बाबा नाहीत, संदीपचे वडील नाहीत. तिथे मी दिवसभर दूध उतू घालवलं तरी मला एका शब्दाने बोलणारं आता कोणी नाही, कुसुम. इथे एक आहे.